मासा जमला, पाणी जमेना: पोस्टर पुन्हा उभं करताना (मदत हवी)

निळीशाई

नमस्कार मंडळी. आमच्या मीडियाच्या वर्गात या सत्राची असाइनमेंट अशी: गाजलेल्या सिनेमाचं एक पोस्टर निवडायचं आणि शक्य तितकं हुबेहूब पुन्हा तयार करायचं. फोटो आपण काढायचे, मॉडेल आपल्यातलंच कुणीतरी. मूळ पोस्टरचा तुकडा उचलून चिकटवायचा नाही, एआयकडून करून घ्यायचं नाही. सोबत दोन पानी टिपण: काय जमलं, काय नाही, आणि का.

आम्ही चौघांनी 'जॉज' (१९७५, माणसांवर हल्ला करणाऱ्या शार्क माशाचा सिनेमा) घेतलं, कारण सोपं वाटलं. वर पोहणारी बाई, खालून सरळ वर येणारा मासा, मध्ये पाणी, डोक्यावर लाल अक्षरं. संपलं की! एका शनिवारचं काम.

आज तिसरा शनिवार. मासा क्लेचा केला, साधारण २२ सेंटिमीटरचा, दात पुठ्ठ्याचे. मैत्रिणीला एका स्टुलावर पालथं झोपवून पोहायची पोझ घेतली. सगळं कापून, जुळवून, ए-थ्री मापात बसवलं. मूळ पोस्टर शेजारी ठेवलं तर जिथली वस्तू तिथे आहे. तरी बघणारा प्रत्येक जण हसतो. भीती जाऊ द्या, साधी काळजीसुद्धा वाटत नाही त्या बाईची.

फोटो चढवतेय, पण चढत नाहीये. तोवर शब्दांवर भागवून घ्या. कुठे चुकत असेल?

पाणचट

बाईला पोहता येतंय का आधी बघा. नसेल येत तर माशाला दोष देऊ नका.

(हलके घ्या. वाचतोय.)

उभा_आडवा

निळीशाई, एक गोष्ट आत्ता कर. दोन्ही चित्रं काळी-पांढरी कर आणि पोस्टाच्या तिकिटाएवढी करून शेजारी ठेव. मग डोळे किलकिले करून बघ. मूळ पोस्टरमध्ये तिकिटाएवढ्या आकारातही तीन गोष्टी वेगळ्या कळतात: अक्षरं, वरची आडवी आकृती आणि खालचा उभा सुळका. तुमच्यात किती कळतात ते सांग.

निळीशाई

@उभा_आडवा, केलं. अक्षरं कळतात. खाली एक करडा गोळा दिसतो, आणि त्या गोळ्यावर बाई टोपीसारखी बसलीय.

उभा_आडवा

टोपी! म्हणजे दोघांत अंतर उरलेलं नाही. ए-थ्रीत बसवलं म्हणालीस ना? मूळ पोस्टरचं माप काय होतं ते पाहिलंस का?

निळीशाई

नाही पाहिलं. आयताकृती आहे एवढंच पाहिलं. 🙈

उभा_आडवा

तेव्हाचं अमेरिकन पोस्टर, ज्याला 'वन शीट' म्हणतात, ते २७ बाय ४१ इंचाचं असे. ए-थ्री म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर. आता त्रैराशिक मांड. रुंदी २९७ ठेवली तर वन शीटच्या प्रमाणात उंची ४५१ मिलिमीटर हवी. तुमच्याकडे ४२०. हे ३१ मिलिमीटर कुठून कापले?

निळीशाई

अरे देवा.

अक्षरं छोटी करवेनात. मासा छोटा करायला जीव होईना, दोन दिवस लागले होते त्याला. मग पाणीच कमी केलं. पाणी काय, रिकामंच होतं ना तिथे!

खडूफळा

मी हा विषय शिकवतो (तुझ्या कॉलेजात नाही, घाबरू नकोस), म्हणून या वाक्यावर थांबलो. 'रिकामंच होतं ना तिथे.' दरवर्षी कुठला तरी गट हेच करतो. पोस्टर कुठलंही असो, पहिली कात्री मोकळ्या जागेवर चालते.

या पोस्टरची सगळी गोष्ट त्या जागेत आहे. माशाचं नाक आणि तिचं पोट यांच्यामधलं पाणी म्हणजे उरलेला वेळ. बघणारा मनात मोजतो की आता किती सेकंद. नाक पोटाला लागलं की मोजायला काही उरत नाही, जे व्हायचं ते होऊन गेलं.

आणि ही बातमी फक्त आपल्याला आहे. तिला नाही. आपण पाण्याच्या वरही आहोत आणि खालीही, ती फक्त वर आहे. तुमची मैत्रीण कुठे बघतेय?

निळीशाई

खाली. आम्हीच सांगितलं होतं तिला, "घाबर." ती बिचारी विचारत होती की मला खालचं काही दिसतच नाहीये तर मी कशाला घाबरू. आम्ही म्हटलं, तू अ‍ॅक्टिंग कर.

खडूफळा

गटात सगळ्यात शहाणी तीच आहे. टिपणात तिचं वाक्य घाला.

काळाकापड

चाळीस वर्षं कॅमेरा हाताळलाय, म्हणून थोडं तांत्रिक.

एका स्टुलावर पालथं झोपलं की कंबर आधारावर आणि दोन्ही टोकं लोंबतात. शरीर मधून वाकतं, धनुष्य उलटं धरल्यासारखं. पाण्यात शरीर सगळीकडून तोललं जातं, तसं दिसत नाही. दोन स्टुलं घ्या, एक छातीखाली, एक मांड्यांखाली. कडा नंतर कापा.

गंमत अशी की मूळ चित्रकारानेही जवळपास हेच केलं होतं. रॉजर कॅस्टेलने ते तैलरंगात रंगवलं, आणि तेही सिनेमासाठी नाही, पीटर बेंचलीच्या कादंबरीच्या पेपरबॅक आवृत्तीसाठी. सिनेमाने नंतर तेच चित्र उचललं. पोहणारीसाठी त्याने एका मॉडेलला स्टुडिओत स्टुलांवर आडवं करून फोटो काढले आणि त्यावरून रंगवलं. माशासाठी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत जाऊन तिथल्या शार्कच्या नमुन्यांचे फोटो घेतले. म्हणजे ज्या चित्राने लोकांची समुद्रात उतरायची हिंमत घालवली, त्यात पाण्यात कुणीच नव्हतं.

तिरकी_मान

छान चाललंय, पण मी मिठाचा खडा टाकते. या सगळ्याचा उपयोग काय? जे पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी उत्तम करून ठेवलंय ते तीन शनिवार घालवून वाईट करायचं. त्यापेक्षा स्वतःचं नवीन पोस्टर करा, चुकलं तरी स्वतःचं चुकेल. आमच्या वेळीही असलीच कॉपीकामं द्यायचे. मला त्यातून फक्त ट्रेसिंग पेपर धरायला आलं.

पाणचट

तेही सगळ्यांना येत नाही हो.

जुनाब्रश

तिरकीताई, मी सिनेमाची होर्डिंगं रंगवलेला माणूस. छोट्या फोटोवर चौकटी पाडायच्या, भिंतीएवढ्या फळ्यांवर तेवढ्याच चौकटी पाडायच्या, आणि एकेक चौकट रंगवत जायचं. सगळी नक्कलच. उस्तादाने पहिलं वर्ष मला फक्त कान रंगवायला दिले. हिरो कुठलाही असो, कान माझा. वर्षभराने मला कळलं की कानाखाली सावली नसेल तर चेहरा मानेवर बसत नाही. नवीन पोस्टर करायला दिलं असतं तर मी कान काढलाच नसता, केसांनी झाकला असता. नक्कल करताना पळवाट नसते, एवढाच तिचा फायदा.

एम. एफ. हुसेनही उमेदीच्या काळात सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. नक्कल करून त्यांचं काही बिघडलं नाही.

तिरकी_मान

कानाचा मुद्दा मान्य. हुसेनांचा नाही. हजारातला एक दाखवून हजारांचं समर्थन होत नाही.

उभा_आडवा

आणि 'मूळ' तरी कुठे मूळ आहे? कादंबरीच्या हार्डकव्हरवर (१९७४) पॉल बेकनने आधीच खाली मासा आणि वर पोहणारी असं केलं होतं. तो मासा फारच सोज्वळ होता, दातांचा पत्ता नाही. कॅस्टेलने तीच मांडणी घेऊन माशाला दात आणि वजन दिलं. 'ई. टी.'चं (१९८२) बोटाला बोट टेकणारं पोस्टर घ्या. जॉन अल्विनने मायकेलअँजेलोचं सिस्टिन चॅपेलच्या छतावरचं चित्रच पुढ्यात घेतलं होतं. माणसाच्या हातासाठी मॉडेल म्हणून स्वतःच्या मुलीचा हात.

निळीशाई

दुसरी फेरी झाली, सांगते.

दोन स्टुलं: कंबर सरळ आली. काळाकापडकाका, धन्यवाद! पण केस! केस खाली लोंबतात. पाण्यात ते पसरतात. म्हणून मग तिला जमिनीवर निळ्या चादरीवर झोपवून वरून फोटो घेतला. केस मस्त पसरले, पण पोट आणि मांड्या जमिनीला दाबून सपाट झाल्या. शेवटी शरीर स्टुलांवरचं आणि केस चादरीवरचे असा जोड दिला. कापायला चार तास. एकेक बट.

नजर समोर ठेवली. आता ती नुसती पोहते, आणि हो, एकदम वाईट वाटायला लागलं तिच्याबद्दल.

पाणी ३१ मिलिमीटरने परत वाढवलं. ए-थ्री तसाच ठेवून पोस्टर आत लहान केलं: उंची ४२०, रुंदी साधारण २७७. दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर पांढरी पट्टी उरते, पण जुन्या पोस्टरांना पांढरी किनार असायचीच, तर ते उलट बरंच दिसतं.

मासा मात्र अजून खेळण्यातलाच वाटतो.

काळाकापड

काका म्हणालीस, चालेल.

माशाचा फोटो किती जवळून घेतलास, आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) किती होतं?

निळीशाई

अगदी जवळून. एफ २.८. नाक शार्प आणि मागचं सगळं ब्लर, सिनेमॅटिक येईल म्हणून.

काळाकापड

तिथेच पकडली गेलीस. इतका झटकन होणारा ब्लर आपला डोळा फक्त छोट्या वस्तूंच्या फोटोंत पाहतो: अंगठी, मुंगी. नाक स्पष्ट आणि चार बोटांवरचा कल्ला पुसट, याचा अर्थ डोळ्याने लावला की वस्तू हातात मावणारी आहे. मोठा प्राणी लांबून पाहतो तेव्हा तो सगळाच स्पष्ट असतो. ट्रायपॉड लाव, एफ १६ ठेव (छिद्र लहान, म्हणजे पुढचं-मागचं दोन्ही स्पष्ट), दोन पावलं मागे जा, शटर हवं तेवढं मंद ठेव. मासा हलणार नाहीये.

लाइटही बघ. समोरून सॉफ्टबॉक्स (मऊ उजेडाची पेटी) लावला असशील, सगळे लावतात. समुद्रात उजेड वरून येतो. नाक उजळ, खाली जाताना अंधार, शेपटीपर्यंत पोचायची गरजच नाही. माशाचा खालचा भाग पाण्यात विरघळू दे. तुमच्याकडे त्याची कड वरपासून खालपर्यंत सारखी कापल्यासारखी असणार, म्हणून तो चिकटवलेला दिसतो.

खडूफळा

त्यात माझी एक पुस्ती. डोळा केवढा केलाय?

निळीशाई

वाटाण्याएवढा. काळा मणी लावलाय. का?

खडूफळा

२२ सेंटिमीटरच्या माशाला वाटाणा म्हणजे पिल्लू झालं. प्राणी मोठा असेल तर शरीराच्या मानाने डोळा लहान दिसतो. हत्तीचा आठव, देवमाशाचा आठव. बाळांचे डोळे चेहऱ्याच्या मानाने मोठे असतात, म्हणून मोठे डोळे दिसले की आपण विरघळतो. कार्टूनवाले याच जोरावर पोट भरतात. मणी काढ, टाचणीचं डोकं लाव.

निळीशाई

टाचणी लावली!!! (तीन उद्गारचिन्हं मुद्दाम.)

बाकी काहीही न बदलता मासा दुप्पट झाला. खरंच दुप्पट. गटातल्या एकाने मला विचारलं की परत क्ले आणलास का.

पाणचट

आता उगाच भीती वाटायला लागली. मघापर्यंत बरं चाललं होतं.

बोरूबहाद्दर

उशिरा आलो. अक्षरांबद्दल कुणीच कसं बोलेना? शीर्षकाला कुठला फाँट वापरलाय?

निळीशाई

नेटवर 'तसाच दिसणारा' एक फुकट मिळाला, तो. आणि खाली आमच्या चौघांची, सरांची, मॉडेलची नावं साध्या फाँटमध्ये. ती निमंत्रणपत्रिकेसारखी दिसतात असा अभिप्राय आलाय.

बोरूबहाद्दर

खालच्या नावांचं कारण मजेशीर आहे. पोस्टरवरच्या त्या गठ्ठ्यातली अक्षरं उंच आणि बारीक, काड्यांसारखी असतात ना? कुणाचं नाव केवढं हवं हे करारात लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा शीर्षकाच्या आकाराच्या टक्क्यांत. मग डिझायनर उंची कराराएवढी ठेवतो आणि रुंदी चेपतो. करार पाळला आणि जागाही वाचली. तुम्हीही अति-कंडेन्स्ड फाँट घ्या, सगळं कॅपिटलमध्ये, आणि 'छायाचित्रण'सारखे जोडशब्द नावांपेक्षा बारीक ठेवा. पाच मिनिटांत निमंत्रणपत्रिकेचं पोस्टर होईल.

शीर्षकात 'जे'चा खालचा आकडा बघ. मला तो कायम गळासारखा वाटत आलाय. फुकटच्या फाँटमध्ये तो आकडा आखूड असणार. तोच एक अक्षरभाग हाताने ओढ.

अवांतर: हेच शीर्षक देवनागरीत केलं तर? 'जबडा'. एकही मात्रा वर जात नाही, उकार खाली नाही. सपाट शिरोरेषा, आणि अक्षरं तिच्याखाली लटकलेली. शिरोरेषा म्हणजे पाण्याची पातळीच झाली की! रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात, आपली दोरीवर वाळत घातलेली असतात. या पोस्टरला ते फायद्याचं आहे.

तिरकी_मान

हे मात्र मला आवडलं. आणि 'ज'ला स्वतःचा आकडा आहेच.

हे करा ना! नक्कल बाजूला ठेवून.

जुनाब्रश

शिरोरेषा थोडी हलती ठेवायची, लाटेसारखी. पण 'डा'च्या काण्यापाशी सरळ. आम्ही भुताच्या सिनेमाला शिरोरेषेतून रक्त ठिबकवायचो. दर सिनेमाला. मालकाला दुसरं काही पटायचंच नाही.

निळीशाई

सरांना विचारलं. म्हणाले, आधी हुबेहूब पूर्ण करा, 'जबडा' जोडपत्र म्हणून द्या, त्याचे मार्क नाहीत. आम्ही करतोय. मार्क नसलेलं काम जास्त चांगलं चाललंय, का कोण जाणे.

एक शंका: हे इन्स्टावर टाकलं तर चालेल?

खडूफळा

वर्गात दाखवायला काहीच अडचण नाही. बाहेर टाकताना निर्मितीसंस्थेचा लोगो काढा, 'विद्यार्थी सराव, मूळ चित्र रॉजर कॅस्टेल यांचं' असं ठळक लिहा आणि विकायला जाऊ नका. चित्रकाराचं नाव विसरू नका म्हणून आवर्जून सांगतोय, कारण पोस्टर सगळ्यांना पाठ असतं आणि रंगवणारा कुणालाच माहीत नसतो.

रच्याकने, टिपणात एक गोष्ट घालण्यासारखी आहे. सिनेमात मासा बराच उशिरापर्यंत धड दिसत नाही. दिग्दर्शक स्पीलबर्गचा यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, मग तो न दाखवता भीती उभी करावी लागली. पोस्टर नेमकं उलटं करतं, पहिल्या फटक्यात मासा समोर आणतं. सिनेमात तो २५ फुटांचा सांगितलाय. पोस्टरवर तर नुसत्या पुढच्या भागापुढेच ती बाई एवढीशी दिसते. म्हणजे पोस्टर मापात खोटं बोलतं. ते का चालून जातं, यावर अर्धं पान लिहा.

निळीशाई

मला वाटतं ते तिने मनात बघितलेल्या भीतीचं माप आहे... पण तिला तर काहीच माहीत नाही. मग आपल्या मनातलं. लिहिते काहीतरी.

खडूफळा

'लिहिते काहीतरी' हे लिहू नकोस फक्त.

निळीशाई

शेवटचा अपडेट. सबमिशन झालं.

आधी वाईट बातमी. प्रिंट हातात आली तेव्हा समुद्र जांभळा होता. स्क्रीनवरचा गडद निळा छपाईच्या शाईत बसत नाही हे तेव्हा कळलं. निळ्यात मॅजेंटा जास्त पडला की जांभळं होतं. मॅजेंटा उतरवून आणि थोडा हिरवट सायन वाढवून दुसरी प्रिंट काढली. ती बरी आहे, मूळच्या जवळपासही नाही. हे टिपणात 'काय जमलं नाही' मध्ये गेलं. दातही गेले. आम्ही बावीस लावले होते, ते हसरे दिसायचे. काढत काढत अकरावर आलो तेव्हा मासा गप्प झाला.

सरांनी सगळ्या गटांची पोस्टरं समोरच्या भिंतीला लावली आणि स्वतः दारात जाऊन उभे राहिले. तिथून एकेक वाचून दाखवायला सांगितलं. अर्ध्या पोस्टरांची नावंच वाचता येईनात. आमचं आलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग पुढे आले, टीपकागदावर पेन्सिलीने नाक ते पोट अंतर मोजलं, मूळच्या छोट्या प्रतीवर मोजलं, भागाकार केला. म्हणाले, "दोन मिलिमीटर कमी आहे."

मैत्रीण म्हणाली, "सर, मी श्वास सोडला होता तेव्हा."

पाणचट

मासा कुठाय आता?

निळीशाई

माझ्या टेबलावर. एक दात पडलाय. टाचणीमुळे रात्री दिवा लावला की डोळा चमकतो, म्हणून तोंड भिंतीकडे करून ठेवलाय.

जुनाब्रश

'जबडा' कधी दाखवतेस?

निळीशाई

शिरोरेषा तिसऱ्यांदा ओढतेय, काका. लाट आली की 'ब'चं पोट फुटतं.

बोरूबहाद्दर

'ब'च्या पोटातली तिरकी रेघ आधी काढ, लाट नंतर.